केरेतारोला येण्याआधी: मेक्सिकोचा इतिहास कुठून धरावा

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये पुण्याहून केरेतारोला दोन वर्षांसाठी येताय. व्हिसाचं, घराचं बघून झालंय, दोघांचाही स्पॅनिशचा क्लास चालू आहे. पण मेक्सिकोचा इतिहास वाचायला घेतला की पसारा एवढा दिसतो, की इथल्या माणसांत वावरायला त्यातलं नेमकं काय लागतं तेच कळत नाही.

मी अकरा वर्षं याच गावात राहते. माझं सांगणं असं, की इतिहास पहिल्या पानापासून वाचू नका. ज्या महिन्यात उतरताय तिथून कॅलेंडर धरा. इथे इतिहास तारखांनी लक्षात ठेवतात. रस्त्यांची नावंसुद्धा '5 मे', '16 सप्टेंबर' अशी. त्या त्या दिवशी शेजारी, ऑफिसातली माणसं आपणहून बोलायला लागतात. तेव्हा तुम्हाला थोडंफार माहीत असलं, तर परकेपणा फार लवकर जातो.

ऑगस्टच्या शेवटी खानावळींत 'चिलेस एन नोगादा' दिसायला लागेल. मोठी हिरवी मिरची, वर अक्रोडाचा पांढरा रस, त्यावर डाळिंबाचे दाणे, म्हणजे झेंड्याचे तिन्ही रंग एका ताटात. मिरचीत खिमा भरलेला असतो, शाकाहारी असाल तर आधी विचारा. हे ताट आलं की सप्टेंबर जवळ आला समजायचं, आणि सप्टेंबर हा आपल्या गावाचा महिना आहे. 1810 मध्ये स्पेनविरुद्धचा कट इथेच शिजला. कोरेहिदोर म्हणजे इथला मोठा सरकारी अधिकारी. त्याची बायको होसेफा ओर्तिस कटात सामील होती. कट फुटला तेव्हा नवऱ्याने तिला खोलीत कोंडलं. तिने टाचेने जमिनीवर ठोकून तुरुंगाच्या रखवालदाराला बोलावलं आणि दाराच्या फटीतून निरोप दिला, असं इथे पोराटोरांनाही पाठ असतं. तो घोड्यावरून निघाला. निरोप पोचल्यावर 16 सप्टेंबरच्या पहाटे दोलोरेस गावात पाद्री मिगेल इदाल्गो यांनी चर्चची घंटा वाजवून लोकांना उठवलं. वर्षभरात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. स्वातंत्र्य यायला 1821 उजाडलं.

ती खोली जिथे होती तो वाडा प्लासा दे आर्मास या चौकात आहे, आज तिथे राज्य सरकारची कचेरी आहे. 15 सप्टेंबरच्या रात्री तिथे जा. बाल्कनीतून स्वातंत्र्यवीरांची नावं पुकारली जातात आणि खाली हजारो माणसं 'व्हिवा!' म्हणतात. होसेफाचं नाव आलं की या गावाचा आवाज वेगळाच चढतो. पहिल्या वर्षी माझ्या अंगावर काटा आला होता.

त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस सांता क्रूस देवळासमोर 'कोंचेरोस' नाचतात. डोक्याला लांब पिसं, घोट्याला बियांचे खुळखुळे, सगळीकडे कोपालचा धूर. कोपाल म्हणजे त्यांचा ऊद. हे बघताना एक लक्षात ठेवा. 'स्पॅनिश आले आणि त्यांनी जिंकलं' एवढीच गोष्ट इथे नाही. 13 ऑगस्ट 1521 ला अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली, ती स्पॅनिश सरदार कोर्तेसच्या मूठभर शिपायांमुळे नव्हे. त्यांच्या बाजूने अझ्टेकांना वैतागलेल्या शेजारच्या त्लाश्काला राज्याचे हजारो लढवय्ये होते, आणि आदल्या वर्षी देवीच्या साथीने शहर पोखरलं होतं. आपलं गाव वसवण्यातही कोनिन नावाच्या ओतोमी, म्हणजे इथल्या एका मूळ जमातीच्या, व्यापाऱ्याचा हात होता. त्या ओतोमींच्या बायका आजही चौकात रंगीत फितींच्या बाहुल्या विकतात. त्यांच्याशी घासाघीस करू नका, हे अगदी मनापासून सांगते.

कोर्तेसची दुभाषी मालिंत्सिन, म्हणजे मालिंचे. तिच्या नावावरून 'मालिंचिस्ता' हा शब्द आला, आपलं सोडून परक्याचं कौतुक करणारा. आणि इथेच तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा शब्द येतो. 'मी इंडियन' म्हणताना 'सोय इंदिओ' म्हणू नका. मी पहिल्या आठवड्यात म्हणाले होते, आणि जेवणाच्या टेबलावर सगळे गप्प झाले. 'इंदिओ' ही तीनशे वर्षांच्या वसाहतीतून आलेली शिवी आहे, मूळ रहिवाशांना हिणवायला वापरलेली. 'सोय दे ला इंदिया' म्हणा. लोक तुम्हाला 'इंदू' म्हणतील. त्यात ते धर्म नाही, देश विचारत असतात.

तसंच उत्तरेकडच्या देशाला नुसतं 'अमेरिका' म्हणू नका, 'एस्तादोस उनिदोस' म्हणा. त्या देशाशी झालेल्या युद्धानंतर 1848 च्या तहाने मेक्सिकोचा जवळजवळ अर्धा भूभाग गेला. राजधानी शत्रूच्या हातात होती, म्हणून त्या तहाला मंजुरी द्यायला संसद केरेतारोत भरली होती. ही जखम बोलून दाखवत नाहीत, पण आहे. 5 मेच्या शुभेच्छाही देऊ नका. तो स्वातंत्र्यदिन नाही, 1862 मध्ये पुएब्लाला फ्रेंच फौज हरवली त्याचा दिवस आहे. ऑफिसला सुट्टीही नसते.

19 सप्टेंबरला देशभर भूकंपाची कवायत होते. केरेतारोला फार धोका नाही, पण कामासाठी राजधानीत असाल तर भोंगा वाजताच सगळ्यांबरोबर खाली उतरा, आणि ते हसण्यावारी नेऊ नका. 1985 मध्ये याच तारखेला सकाळी शहर कोसळलं. सरकार हललं नाही तेव्हा साध्या माणसांनी हातांनी ढिगारे उपसले. 2017 मध्ये पुन्हा तीच तारीख. सकाळी कवायत झाली आणि दुपारी 1 वाजून 14 मिनिटांनी खरा भूकंप. ढिगाऱ्यावरच्या माणसाने मूठ वर केली की सगळा रस्ता चिडीचूप व्हायचा, खालून कुणाची हाक येते का ते ऐकायला.

फेब्रुवारीत रिपब्लिक थिएटर बघा. 1867 मध्ये फ्रेंचांनी लादलेला बादशहा मॅक्सिमिलियन याच्यावरचा खटला इथल्याच रंगमंचावर चालला. त्याला मृत्युदंड फर्मावणारं सरकार बेनितो हुआरेसचं, म्हणजे मेंढरं राखत वाढलेल्या सापोतेक या मूळ जमातीतल्या मुलाचं. गोळ्या घातल्या ती टेकडी गावातच आहे. त्याच थिएटरात 5 फेब्रुवारी 1917 ला 1910 च्या क्रांतीतून आलेली राज्यघटना जाहीर झाली. तिचं कलम 123 तुमच्या कामाचं: आठ तासांचा दिवस तिथून आला. डिसेंबरात मिळणारा 'अगिनाल्दो', म्हणजे किमान पंधरा दिवसांचा जादा पगार, हा कायद्याने तुमचा हक्क आहे. कुणी टाळाटाळ केली तर सोडू नका.

त्या क्रांतीनंतरच्या मेक्सिकोत आपला एक माणूस होता. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, परदेशातून इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या गदर चळवळीतले. 1920 च्या दशकात ते इथे आले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर काम केलं आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. राजधानीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर चित्रकार दिएगो रिवेरा यांनी त्यांना रंगवलंय. ते चित्र आधी बघा, पिरॅमिड नंतर. पुढे ते भारतात परतले, 1967 मध्ये नागपुरात गेले.

आता नोव्हेंबर, जो मी मुद्दाम शेवटी ठेवला. 1 आणि 2 तारखेला 'दिया दे मुएर्तोस', म्हणजे मृतांचा सण. तेव्हा गेलेली माणसं घरी येतात; पहिल्या दिवशी मुलं, दुसऱ्या दिवशी मोठी. शेजारच्या काकूंनी पहिल्याच वर्षी मला विचारलं, 'तुझं कोण गेलंय?' मी म्हटलं, आजी. 'तिला काय आवडायचं?' मी ठेचा सांगितला. त्यांनी 'मोल्काहेते', म्हणजे तीन पायांचा दगडी खल, माझ्यापुढे सरकवला. सेर्रानो मिरच्या तव्यावर भाजल्या, लसूण-मीठ घालून रगडल्या. गेलेल्यांसाठी मांडलेल्या त्यांच्या वेदीवर पाण्याचा पेला, मिठाची बशी, त्यांच्या नवऱ्याची सिगारेट, आणि शेजारी माझ्या आजीचा ठेचा. भोवती सगळा झेंडू. आपण दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू मूळचा इथला. मिरची, टोमॅटो, पेरू, चिकूसुद्धा. झेंडूच्या पाकळ्यांची वाट त्यांनी दारापासून वेदीपर्यंत आखली होती, आजीला नवं घर सापडावं म्हणून.

पितृपक्षात आपण ज्या गांभीर्याने पान वाढतो, तेच गांभीर्य तिथे आहे. फक्त लोक गातात, हसतात. चेहरा रंगवून फोटो काढणं एवढंच म्हणजे तो सण नव्हे. बोलावलं तर फळं किंवा 'पान दे मुएर्तो', म्हणजे या सणाचा गोड पाव, घेऊन जा, आणि गेलेल्यांच्या गोष्टी विचारा. त्यांना त्या सांगायच्या असतात.

सामानात दोघांच्याही घरच्या गेलेल्या माणसांचे छापलेले फोटो ठेवा. मोबाइलमधला फोटो वेदीवर लावता येत नाही.