‘आम्ही हे पाप करत नाही’ म्हणून परत पाठवलं, डॉक्टरला असं करता येतं का?

प्रश्न : डॉक्टरताई, माझं वय 29, तीन वर्षांची एक मुलगी आहे. तांबी बसवलेली असून मला दिवस गेले. नवऱ्याची नोकरी सुटलीय, सासऱ्यांचं आजारपण चालू आहे, दोघांनी बसून ठरवलं की आत्ता दुसरं नको. आठवा आठवडा होता. जिथे माझी डिलिव्हरी झाली त्याच हॉस्पिटलात गेले तर डॉक्टर म्हणाले आम्ही हे पाप करत नाही, देवाने दिलंय तर ठेव. वर सिस्टरने बाकावरच्या सगळ्या बायकांसमोर विचारलं, पहिलीच्या वेळी पण असंच मनात आलं होतं का? दुसऱ्या दवाखान्यात नवऱ्याची आणि सासूची सही आणा म्हणाले. मेडिकलवाल्याने गोळ्यांचं नाव काढताच हात जोडले. शेवटी सिव्हिलला झालं, पण तोवर अकरावा आठवडा संपत आलेला, गोळ्यांवर भागलं नाही, पिशवी साफ करावी लागली. आता तब्येत बरी आहे पण रात्री झोप लागत नाही. मी गुन्हा केला का? आणि डॉक्टरला असं नाही म्हणता येतं का?

उत्तर : सगळ्यात आधी हे ऐक, तू गुन्हा केलेला नाहीस. तांबी असून दिवस गेले म्हणजे साधन फेल गेलं, आणि साधन फेल जाणं हे गर्भपातासाठी कायद्याने मान्य केलेलं कारण आहे. आपल्याकडे हा कायदा 1971 चा आहे, तेव्हा ही सवलत फक्त लग्न झालेल्या बाईला होती, 2021 मध्ये दुरुस्ती झाली आणि ‘नवरा’ जाऊन ‘जोडीदार’ हा शब्द आला. 20 आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचं मत पुरतं, 20 ते 24 मध्ये दोन डॉक्टर लागतात आणि तेही ठरावीक कारणांसाठीच. तू तर आठव्या आठवड्यात गेली होतीस. गोळ्यांनी करायला नऊ आठवड्यांपर्यंत परवानगी आहे, म्हणजे पहिल्याच दिवशी कुणी नीट बघितलं असतं तर तुझं काम गोळ्यांवर झालं असतं. तुझे तीन आठवडे लोकांच्या पापपुण्यात गेले, याचा मला फार राग येतो.

आता सहीचं. बाई 18 वर्षं पूर्ण झालेली आणि मानसिकदृष्ट्या सक्षम असेल तर फक्त तिची सही लागते. फॉर्म सी म्हणतात त्याला. नवऱ्याची नाही, सासूची तर नाहीच नाही. सप्टेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने 24 आठवड्यांपर्यंतचा हक्क अविवाहित बायकांनाही आहे असा निकाल दिला, त्यातच कोर्टाने सांगितलं की घरच्यांची संमती मागणं वगैरे कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत. तरी अजून सही मागतात, कारण उद्या घरचे येऊन भांडतील ही भीती, आणि त्या भीतीपायी बाईला हेलपाटे घालायला लावतात.

नाही म्हणायच्या हक्काबद्दल लोकांना खरंच माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्या गर्भपाताच्या कायद्यात ‘माझ्या श्रद्धेत बसत नाही’ म्हणून बाजूला होण्याचं कलमच नाही. ब्रिटनच्या 1967 च्या कायद्यात आहे, पण तिथेही बाईचा जीव वाचवायचा असेल तर ते चालत नाही. उलट आपल्याकडे डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम आहेत त्यात स्पष्ट लिहिलंय की वैद्यकीय गरज असेल तेव्हा गर्भपात, नसबंदी, संततिनियमन यात मदत करायला निव्वळ धर्माच्या कारणावरून नकार देता येणार नाही, हे काम आपल्याला जमणार नाही असं डॉक्टरला वाटत असेल तर गोष्ट वेगळी. (2023 मध्ये नवे नियम आणले होते, ते लगेच स्थगित झाले, त्यामुळे 2002 चेच लागू आहेत.) खाजगी डॉक्टर इमर्जन्सी नसताना पेशंट घेणं टाळू शकतो हेही खरं आहे, म्हणून तक्रार केलीस तर ते ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणतील. पण तुला तोंडावर पाप म्हणाले आहेत. तारीख, वेळ, कोण काय बोललं ते आठवतंय तोवर लिहून काढ आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पाठव. कर असा माझा आग्रह नाही, तुझ्यात ताकद असेल तर.

मेडिकलवाल्याचं वेगळं आहे, या गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायच्याच नसतात. पण चिठ्ठी असूनही मिळत नाहीत अशी खूप पत्रं येतात, कारण मुलगी म्हणून पाडण्याच्या विरोधातला 1994 चा लिंगनिदानाचा कायदा आणि हा कायदा लोकांनी एकात एक कालवून टाकलाय. आठव्या आठवड्यात सोनोग्राफीत मुलगा की मुलगी दिसतच नाही.

मी ग्रामीण रुग्णालयात होते तेव्हा एक बाई रात्री बैलगाडीतून आणली होती, दोन ठिकाणांहून परत पाठवलेली, मग गावातल्या कुणीतरी गर्भ पाडायला आत काडी घातली होती. ती वाचली नाही. परत पाठवलं म्हणून बाईची गरज संपत नाही गं, ती दुसरीकडे जाते. तू सिव्हिलला गेलीस, फार बरं केलंस. झोप अजून पंधरा दिवसांत सुधारली नाही तर तिथल्याच मानसोपचार ओपीडीत दाखव.

प्रश्न : मी नर्स आहे. माझ्या धर्मात हे बसत नाही आणि गर्भपाताच्या केसला उभं राहिलं की हात कापतात. मी काय करावं?

उत्तर : सिस्टर, तुमचा त्रास मला खरा वाटतो. इन्चार्जशी ड्युटी लागायच्या आधी बोला, पेशंट टेबलावर असताना नको. बदली मिळेल तोवर दोन गोष्टी मात्र पाळा : पेशंटला उपदेश नाही, आणि तिची गोष्ट वॉर्डाबाहेर नाही, नाव फोडणं हा तर या कायद्यात गुन्हाच आहे.

बेळगावची सविता हलप्पनवार आठवते ना, दातांची डॉक्टर, ऑक्टोबर 2012, आयर्लंडमधलं गॉलवे. 17 आठवड्यांचं मूल वाचणार नव्हतं, तिने गर्भपात मागितला, ठोके चालू आहेत म्हणून नाही म्हणाले, आणि तिथल्या सुईणीने हा कॅथलिक देश आहे असं सांगितलं. जंतुसंसर्गाने ती 28 तारखेला गेली. तिथे आड आला तो तेव्हाचा कायदा, 2018 मध्ये लोकांनी मतदान करून तो बदलला. आपल्याकडे तर 1971 पासून बाईचा जीव धोक्यात असेल तर आठवड्यांची अट नाही, दुसऱ्या डॉक्टरच्या मताचीही नाही. म्हणून नाइटला तुम्ही एकट्याच असाल आणि गर्भपाताच्या बाईला ब्लीडिंग सुरू झालं तर सलाइन लावा, बीपी बघा, डॉक्टरला फोन करा आणि ते येईपर्यंत तिच्याजवळ थांबा.