पवनचक्की उन्हाने मंदावते का?

प्रश्न : आमच्या शेतातून ब्राह्मणवेलकडच्या पवनचक्क्या दिसतात. ऑक्टोबरच्या उन्हात त्या नुसत्या उभ्या असतात, आषाढात मात्र थांबत नाहीत. तापलेल्या हवेत जोर नसतो, असं गावात म्हणतात. खरं आहे का?
– एक वाचक, ता. साक्री, जि. धुळे

उत्तर : गावकऱ्यांचं म्हणणं खोटं नाही, पण दोष उन्हाच्या माथी जरा जास्तच मारलाय. हवा तापली की विरळ होते आणि पात्यांवरचा रेटा कमी पडतो. तुमच्याकडे थंडीत पारा १० अंशांपर्यंत उतरतो, मे महिन्यात ४२ पर्यंत चढतो. एवढ्या फरकाने हवेची घनता साधारण १० टक्क्यांनी घटते. वारा तेवढाच असेल, तर त्यातली ताकदही तेवढीच घटते.

आता वाऱ्याचा हिशोब बघा. त्याची ताकद वेगाच्या घनाने वाढते. सेकंदाला ६ मीटरचा वारा ७ मीटर झाला, की ताकद जवळजवळ ५९ टक्क्यांनी वाढते. दुप्पट झाला तर आठपट! म्हणून मी देखभालीच्या कामावर असताना सकाळी आधी वाऱ्याचा आकडा बघायचो, तापमान नंतर. ऑक्टोबरमध्ये मोसमी वारे परतलेले असतात, चक्क्या थांबतात त्या त्यामुळे. ऊनच कारण असतं, तर मे महिन्यात त्या ऑक्टोबरपेक्षा कमी चालल्या असत्या. घडतं उलटंच. साताऱ्याचं वनकुसवडे पठार हजार मीटरहून उंच आहे, म्हणजे हवा मुळातच विरळ. तरी तिथे चक्क्या उभारल्या, त्या वाऱ्याच्या भरवशावर.

उन्हाचा खरा त्रास यंत्राला होतो. खांबाच्या टोकाला, पात्यांमागच्या खोलीत गिअरबॉक्स आणि जनित्र आधीच तापलेले असतात. बाहेरची हवाही गरम असली की ते निवत नाहीत, मग नियंत्रक वीजनिर्मिती कमी करतो किंवा यंत्र बंद करतो.

एक लक्षात ठेवा, नुसतं फिरणं बघून विजेचा अंदाज बांधू नका. जुन्या बऱ्याच यंत्रांत पाती जवळजवळ एकाच वेगाने फिरतात, वारा कमी असो की जास्त. शिवाय सेकंदाला १२-१३ मीटरच्या आसपास यंत्र पूर्ण क्षमता गाठतं. त्यापुढे पाती वळवून जादा वारा सोडून दिला जातो, तेव्हा हवा गरम की गार याने निर्मितीत फारसा फरक पडत नाही. २५ मीटरच्या, म्हणजे ताशी ९० किलोमीटरच्या आसपास बहुतेक यंत्रं स्वतःहून थांबतात. त्यामुळे भर वादळात चक्की उभी दिसली, तर ती बिघडलीच असेल असं समजू नका.