मंत्र्यांची बैठक झाली, पण रबाळ्याच्या मालाला सवलत कुठे आहे?

रबाळे एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका उद्योजकाचा प्रश्न असा: आयपीईएफमध्ये (इंडो-पॅसिफिक देशांची आर्थिक सहकार्याची चौकट) भारतासह 14 देश आहेत, मंत्र्यांच्या बैठका होतात, मग आमच्या निर्यातीवर ड्युटी कमी का होत नाही?

कारण त्यात ड्युटीचा विषयच नाही. आयपीईएफ मे 2022 मध्ये टोकियोत सुरू झालं. त्याच्या चार भागांपैकी व्यापाराच्या भागात भारत नाही, आणि त्या भागातही शुल्ककपात नव्हतीच. पुरवठा साखळीचा करार 24 फेब्रुवारी 2024 पासून लागू आहे. कच्चा माल अडकला तर सदस्य देशांची तातडीची बैठक बोलावता येते, असा त्याचा उपयोग. तुमच्या इनव्हॉइसवर त्याचा काही परिणाम नाही.

सवलत मिळते ती व्यापार करारातून, आणि तीही सही झाली त्या दिवशी नाही, करार लागू झाल्यावर. यूएईशी सही 18 फेब्रुवारी 2022 ला झाली, अंमल 1 मेपासून. एफ्टाच्या चार देशांशी (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन) सही 10 मार्च 2024 ला, अंमल थेट 1 ऑक्टोबर 2025 ला, कारण प्रत्येक देशाची मंजुरी लागते. स्वित्झर्लंडमध्ये तर संसदेनंतरही सार्वमत मागायला लोकांना 100 दिवस असतात. (स्विस लोकांनी औद्योगिक मालावरचं शुल्क 1 जानेवारी 2024 पासून सगळ्यांसाठीच काढलंय. त्यामुळे तिथे व्हॉल्व्ह पाठवणाऱ्याने या करारावर फार उड्या मारू नयेत.)

यूएईत साधारण 5 टक्के शुल्क लागतं, तेव्हा तुमच्या कामाचा करार तो. आधी तुमच्या मालाच्या एचएस कोडसमोर (कस्टम्समधला मालाचा वर्गीकरण क्रमांक) सवलत कोणत्या वर्षापासून आहे ते करारातल्या शुल्काच्या तक्त्यात बघा, मग मूळ देशाचा नियम वाचा, म्हणजे माल भारतात बनलेला कधी धरायचा ते. गाडी अडते ती इथेच. सुटे भाग बाहेरून आणून इथे जोडले, तर भागांचा कोड 8481.90 आणि व्हॉल्व्हचा बहुधा 8481.80. म्हणजे पहिले चार अंक तेच राहतात. नियमात भागांपासून तयार मालापर्यंत कोडमध्ये चार अंकी बदल मागितला असेल तर नुसती जोडणी पुरत नाही, सहा अंकी मागितला असेल तर पुरते. मूल्यवर्धनाची अट असेल तर बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद) आणि खर्चाचा तक्ता जपून ठेवा, तपासणी नंतरही होते.

सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल भारतातलाच असल्याचा दाखला), इनव्हॉइस आणि शिपिंग बिल, तिन्हीवर कोड एकच हवा. एवढं करूनही सवलत मागतो तो दुबईचा खरेदीदार, आपण नाही. त्याला माल न्हावाशेव्यातून निघण्याआधीच कळवा, आणि वाचणाऱ्या शुल्कातला आपला वाटा भाव ठरतानाच मागून घ्या.