फिनाईलच्या बाटल्यांसाठी इंजेक्शन ग्रेडचा एचडी दाणा चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एक लिटर फिनाईलच्या बाटल्या काढायला ब्लो मोल्डिंगचं, म्हणजे वितळलेली प्लास्टिकची नळी साच्यात हवेनं फुगवायचं मशीन घेतलंय, आणि व्यापारी इंजेक्शन ग्रेडचा एचडी (एचडीपीई, म्हणजे जास्त घनतेचं पॉलिथिन) दाणा स्वस्तात देतोय. वर म्हणतोय, 'एचडी म्हणजे एचडीच, सगळं चालतं.'

नका घेऊ. बादल्या-मग काढणाऱ्याला तो दाणा सोन्यासारखा आहे, तुमच्या कामाचा नाही.

का, ते मशीनसमोर उभं राहिलं की लगेच कळतं. डायमधून वितळलेल्या मालाची नळी, म्हणजे पॅरिसन, खाली सुटते आणि मोल्ड (साचा) मिटेपर्यंत हवेत लोंबकळत असते. तेवढा वेळ स्वतःचं वजन तिनंच पेलायचं. इंजेक्शनमध्ये याच्या बरोबर उलट: माल दाबाखाली बंद साच्याच्या कानाकोपऱ्यात पळाला पाहिजे. म्हणून तो दाणा पातळ वाहणारा आणि ब्लोचा घट्ट. हे मोजायचं माप म्हणजे एमएफआय. १९० अंशांना, २.१६ किलो वजनाखाली, ठरलेल्या छिद्रातून १० मिनिटांत किती ग्रॅम माल बाहेर पडतो तो आकडा. बाटलीच्या एचडीचा साधारण ०.२ ते ०.४ असतो. इंजेक्शनचा ५ ते २०.

बऱ्याच ग्रेडच्या नावातच हे दडलेलं असतं. रिलायन्सचा बी ५६००३ घ्या: बी म्हणजे ब्लो, ५६ म्हणजे घनता ०.९५६, ००३ म्हणजे एमएफआय ०.३. त्यांचाच एम ६००७५ हा इंजेक्शनचा, घनता ०.९६०, एमएफआय साडेसातच्या घरात. म्हणजे वाहण्यात पंचवीस पटींचा फरक. गेल, इंडियन ऑइल, हल्दिया यांची नावं ठेवायची पद्धत आपापली आहे, तेव्हा नावावरून अंदाज बांधण्यापेक्षा त्या ग्रेडचा टीडीएस, म्हणजे कंपनीचा तांत्रिक माहितीचा कागद, मागून घ्या.

मग एवढा घट्ट माल डायमधून निघतो कसा? प्लास्टिकचे रेणू म्हणजे लांबलचक साखळ्या; ब्लोच्या दाण्यात लांब आणि आखूड, दोन्ही साखळ्यांची भरपूर सरमिसळ असते. डायमध्ये रेटा बसला की माल सैल होतो, बाहेर पडून रेटा संपला की पुन्हा जड होतो आणि टिकून लटकतो. क्रोमियम उत्प्रेरकावर केलेलं एचडी यात पटाईत. १९५१ मध्ये फिलिप्स पेट्रोलियममध्ये हॉगन आणि बँक्स यांना हा उत्प्रेरक सापडला, आणि बाटलीवाल्यांचं बरंचसं काम आजही त्यावरच चालतं.

इंजेक्शनचा दाणा हॉपरमध्ये टाकलात तर पॅरिसन ताणत जाईल, डायजवळचा भाग कागदासारखा पातळ, शेपूट जाड. बाटलीचं तोंड वर असेल तर खांदा दाबला की चेपेल आणि बुडाशी उगाच गोळा साठेल. ऑपरेटर मग तापमान उतरवतो. पॅरिसन जरा सावरते, पण बुडाचा जोड, जिथे मोल्ड नळी चिमटतो, तो नीट एकजीव होत नाही. तिथून गळती सुरू.

'थोडा थोडा मिसळून चालवा' हा सल्लाही व्यापारी देईलच. साध्या पाण्याच्या बाटलीत कदाचित खपून जाईल. फिनाईलमध्ये नाही. त्यात पाइन तेल असतं, ते पाण्यात मिसळायला साबण असतो, आणि ताणाखाली असलेल्या पॉलिथिनला साबणाचं पाणी हळूहळू चिरत नेतं. याला स्ट्रेस क्रॅकिंग म्हणतात. फसवी गोष्ट ही की पहिल्या दिवशी बाटली आपटली तरी काही होत नाही. थप्पीतला तळाचा खोका काही आठवड्यांनी ओला दिसतो, उघडून बघावं तर बुडाच्या जोडालगत केसाएवढी चीर. आखूड साखळ्यांचा माल जितका जास्त, तितकी ही चीर लवकर येते. म्हणून टीडीएसमध्ये घनता आणि एमएफआयच्या खाली ईएससीआरचा, म्हणजे या चिरण्याला माल किती दाद देत नाही त्याचा, रकाना असतो तो वाचा. किती तासांनी निम्मे नमुने चिरले, ते तिथे दिलेलं असतं. ०.९६० च्या वरचे होमोपॉलिमर (निव्वळ इथिलीनचे) ताठ असतात, दुधाच्या बाटलीला उत्तम, पण या परीक्षेत मार खातात. तुम्हाला ०.९५० ते ०.९५६ मधला कोपॉलिमर (इथिलीनमध्ये दुसरा घटक थोडा मिसळून केलेला) हवा.

बाकी प्रकार तुमच्या कामाचे नाहीत, तरी घोळ नको म्हणून सांगतो. २०० लिटरच्या ड्रमचा दाणा इतका घट्ट की त्याचा फ्लो २१.६ किलो वजनावर मोजतात. तो आकडा तुमच्या आकड्याशी ताडून पाहू नका. पेटच्या बाटलीचा मामला सगळाच वेगळा. तिथे एमएफआय नाही, आयव्ही (साखळ्यांच्या लांबीचा अंदाज देणारा चिकटपणाचा आकडा) बघतात, बाटलीला ०.७६ ते ०.८४, आणि प्रीफॉर्म (फुगवून बाटली करायची जाड नळी) काढण्याआधी दाणा कडक वाळवावा लागतो. छोट्या उद्योजकानं प्रीफॉर्म विकत आणून फक्त फुगवावेत, हे माझं मत. गच्चीवरच्या काळ्या टाक्या तर बहुतेक ब्लोच्या नसतातच, त्या एलएलडीपीईची (कमी घनतेच्या पॉलिथिनचा एक प्रकार) पावडर साच्यात फिरवून करतात.

तुमच्याच फ्लॅशचा, म्हणजे बाटलीभोवती उरणाऱ्या जादा मालाचा, चुरा परत वापरायला हरकत नाही, तो निघतोच. फक्त बाहेरचं भंगार त्यात येऊ देऊ नका.

नवीन ग्रेड आला की आधी एकच बॅग घ्या. एक बाटली उभी कापून खांदा, पोट आणि बुडाचा कोपरा व्हर्नियरनं मोजा. डझनभर बाटल्या तुमच्याच फिनाईलनं भरा, झाकणं घट्ट लावा, वर वजन ठेवून पन्नासेक अंशांच्या उबेत महिनाभर ठेवा आणि बुडं बघत राहा. बॅग कंपनीच्या मूळ शिलाईची आहे ना, लॉट नंबर बिलावर आहे ना, हेही पाहा. नावाजलेल्या कंपनीच्या जुन्या बॅगेत दुसराच माल भरून विकणारे बाजारात कमी नाहीत.