पाप माफ झालं, उचल नाही

प्रिय लेकरा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझा लांबलचक मेसेज रात्री वाचला. फोनच केला असता, पण फोनवर तू नुसतं ‘हो मावशी, हो मावशी’ करतोस आणि पुढचं ऐकत नाहीस. म्हणून लिहिते. तू तीन गोष्टी विचारल्यास: बायबल शाळेत नाव घालू का, महालक्ष्म्यांना घरी जाऊ का, आणि जातीच्या दाखल्याचं काय करू. चौथी गोष्ट तू विचारली नाहीस. मी तिच्यापासूनच सुरुवात करते.

मागं उपासनेत तू साक्ष दिलीस. दारू सुटली, शिव्या सुटल्या, रात्री झोप लागते, असं सांगितलंस. चर्चची मंडळी खूश झाली, मीही झाले. त्याच ओघात तू म्हणालास, की ऊसतोडीच्या मुकादमाकडून अर्ध्या कोयत्याची, म्हणजे एकट्या माणसाच्या कामाची, आगाऊ उचल घेतली होती, कारखान्यावर गेलोच नाही, जालन्याला पळून आलो, ‘पण प्रभूनं ते सगळं धुऊन टाकलं.’ सगळे ‘हालेलुया’ म्हणाले. मी गप्प बसले. माझ्या मनात एवढंच आलं, की ह्याला जामीन कोण राहिलं होतं? नंतर चहाच्या वेळी तुला विचारलं, तेव्हा तू खाली बघून म्हणालास, चुलता.

पाप माफ झालं, लेकरा. उचल माफ झालेली नाही. ती तुझ्या चुलत्याच्या नावावर गेली. मुकादमानं ती त्याच्या हिशोबातून वळती केली असणार, दुसरं काय? म्हणजे थंडीत पहाटे चुलता फडात ऊस तोडत होता, चुलती मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॅक्टरपर्यंत नेत होती, आणि त्यातल्या किती मोळ्या तुझ्या नावाच्या होत्या ते त्यांनाच माहीत. तू इथं ‘मी मोकळा झालो’ म्हणालास. मोकळा कोणाच्या जिवावर झालास?

बायबलात लूकच्या शुभवर्तमानात, एकोणिसाव्या अध्यायात, जक्कय आहे. यरीहोचा मोठा जकातदार, पैसेवाला. झाडावर चढलेला तेवढा सगळ्यांना आठवतो, लहानपणी संडे स्कूलमध्ये आम्हीही तेवढंच शिकलो. घरात आल्यावर तो काय बोलला ते बघ. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कोणाचं लुबाडून घेतलं असेल तर चौपट परत करतो. हे चौपट त्यानं मनानं काढलेलं नाही. जुन्या करारात, निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात, मेंढरू चोरून कापणाऱ्याला चार मेंढरं भरून द्यायला सांगितलंय. चोराचा कायदा त्यानं स्वतःच स्वतःला लावून घेतला. त्याच्यावर कोणी फिर्याद केली नव्हती. आणि क्रम विसरू नकोस: येशू त्याच्या घरी आधी गेला, हिशोब नंतर झाला. पैसे फेडून तारण मिळत नाही. पण तारण घरात आलं, की हिशोबाची वही आपोआप उघडते. ती उघडत नसेल तर घरात काय आलं, ह्याची मला शंका येते.

मुकादम काही संत नाही, हे मला कळतं. आकडा फुगवतात, उचलीवर व्याज चढवतात, पळालेल्याला धरून आणून मारतात, हे सगळं मराठवाड्यात कोणाला नवं आहे? म्हणून एकटा जाऊ नकोस. आधी चुलत्याकडे जा, मुकादमाकडे नाही. त्याला विचार, ‘माझ्यापायी तुमचे किती गेले?’ तो म्हणेल, जाऊ दे. जाऊ देऊ नकोस. आकडा काढायला लाव. त्याचे गेले असतील ते त्याला दे, महिन्याच्या पगारातून, जमेल तसे पण ठरल्या तारखेला. मुकादमाचं अजून काही निघत असेल तर मूळ रक्कम कागदावर लिहून घे, दोन माणसं समोर ठेव, पाळकसाहेब येतो म्हणालेत. दसऱ्याच्या आत हे झालं पाहिजे. एकदा टोळ्या कारखान्यावर गेल्या, की गावात घरांना कुलपं, बोलायचं कोणाशी? शिवाय चुलत्याला ह्या वर्षीची उचल ठरवायच्या आधी कळलं पाहिजे, की तुझा बोजा त्याच्यावर राहिलेला नाही.

आता बायबल शाळा. तुझ्या पगारातून चुलत्याचं फिटेपर्यंत नाही. त्यानंतरही लगेच नको, असं माझं मत आहे. आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या पौलाला दमास्कसच्या वाटेवर प्रभू भेटला, ते सगळे सांगतात. त्यानंतरचं त्याच्या गलतीकरांच्या पत्रात, पहिल्या अध्यायात आहे: तो अरबस्तानात गेला, दमास्कसला परत आला आणि तीन वर्षांनी यरुशलेमेला गेला. तिथंही कोणी विश्वास ठेवेना, बर्णबानं हात धरून प्रेषितांकडे नेलं तेव्हा कुठं दार उघडलं. आपला तरुण सोबती तीमथ्य ह्याला लिहिताना तर पौलानं स्पष्टच सांगितलं, की नवशिक्याला मंडळीचा अध्यक्ष करू नको, फुगून पडेल. तुला ‘तुझ्यावर अभिषेक आहे’ म्हणणारे जे भाऊ आहेत, ते मनाचे चांगले आहेत, पण त्यांना गाणी म्हणणारा आणि ढोलक वाजवणारा पोरगा हवाय हेही खरं आहे. आपल्याकडे ताल धरणारा माणूस मिळणं पाळक मिळण्याहून अवघड.

पंडिता रमाबाईंचं तुला ठाऊक नसेल. एवढी विद्वान बाई, 1883 साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. पुढं त्यांनीच लिहून ठेवलंय, की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे कळायला बाप्तिस्म्यापासून आठ वर्षं लागली. केडगावचं मुक्ती मिशन, बायबलचं मराठी भाषांतर, ही मोठी कामं त्याच्या नंतरची. रमाबाईंना आठ वर्षं लागत असतील तर तुला-मला कसली घाई? मी जन्मभर दवाखान्यात जखमांची ड्रेसिंग केली. जी जखम वरून पटकन भरते तिच्या आत पू राहतो, ती पुन्हा उघडावी लागते. खालून भरत आलेलीच टिकते.

आणि ती रात्रभराची प्रार्थना. तू शुक्रवारी रात्र जागून शनिवारी सकाळी रोलिंग मिलवर जातोस, हे मला तुझ्या खोलीतल्या पोराकडून कळलं. लाल सळई चिमट्यात धरणारा माणूस पेंगत असेल तर जळतो तो एकटा नाही, समोरचा जळतो. भाजलेले कामगार वॉर्डात कसे येतात ते मी पाहिलंय, अंगाला चिकटलेली बनियन मिठाच्या पाण्यानं भिजवून काढावी लागते. त्या वेळी कोणी विचारत नाही, की बाबा रे, तू रात्री प्रार्थनेला होतास का. सुट्टीच्या आदल्या रात्री जाग. एरवी झोपायच्या आधी मार्कच्या शुभवर्तमानाचा एक अध्याय वाच, सगळे मिळून सोळाच आहेत. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले, प्रकटीकरणातले, पशू आणि शिंगं राहू देत. मोबाइलवर त्यांची गणितं सोडवणारे पुष्कळ आहेत, पण त्यांच्यातला एकही तुझ्यासोबत मुकादमाच्या दारात येणार नाही.

महालक्ष्म्या. जा. सगळे दिवस जा.

मागच्या वर्षी तू मायचं ताट सरकवून ‘हे सैतानाचं अन्न आहे’ म्हणालास. हे तूच मला अभिमानानं सांगितलं होतंस. पौलानं तो कडक शब्द वापरलाय, करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, दहाव्या अध्यायात. पण तो मंडळीला लिहिलेल्या पत्रात वापरलाय, कोणाच्या आईच्या चुलीपाशी उभं राहून नाही. अथेन्समध्ये मूर्ती बघून त्याचा जीव आतल्या आत जळत होता, तरी लोकांशी बोलताना त्यानं सुरुवात केली ती ‘तुम्ही फार देवभक्त दिसता’ अशी. त्याच दहाव्या अध्यायात असंही आहे, की कोणी जेवायला बोलावलं तर पुढं येईल ते खा, चौकशी करत बसू नको. हे देवाला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर मात्र खाऊ नको, सांगणाऱ्याच्या विवेकासाठी. आपल्या मंडळीत ह्यावर दोन मतं आहेत, मला माहीत आहे. माझं मत असं: आरतीला उभा राहू नकोस, नैवेद्याचं ताट घेऊ नकोस, पण ‘माय, एवढं राहू दे, मला रात्रीची भाकरी दे’ हे खाली बसून, तिच्या तोंडाकडे बघून म्हण. आणि त्याआधी काम कर. सोळा भाज्या निवडायच्या असतात, पुरण वाटायचं असतं, पाहुण्यांसाठी पाणी भरायचं असतं. बोअर आटलेला असेल तर टँकरपाशी घागरी घेऊन उभं राहायचं असतं. तुझी माय हे सगळं गुडघे धरून करते. तू पुरणाचं पातेलं उतरवून दिलंस म्हणून तुझा विश्वास बाटत नाही.

मार्कच्या पाचव्या अध्यायातला भुतांनी झपाटलेला, कबरांमध्ये राहणारा माणूस बरा झाल्यावर येशूच्या मागं यायला निघाला. येशूनं त्याला घेतलं नाही. आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा, म्हणाला. मला हे नेहमी फार कठीण सांगणं वाटतं. नावेत बसून जाणं सोपं होतं. ज्यांनी त्याला साखळदंडांनी बांधलं होतं, ज्यांच्या झोपा त्यानं मोडल्या होत्या, त्यांच्यात रोज राहून दाखवायचं होतं. तुझ्या गावात असं पारावर कोणीतरी विचारणारच, ‘काय रं, देव बदलला म्हणं. हिशोब बी बदलला का?’ त्याला उत्तर तोंडानं देऊ नकोस.

एक गोष्ट मात्र मान्य करते. मी जन्मानं ख्रिस्ती. आमच्या घराण्यात विश्वास वडिलोपार्जित शेतीसारखा आला, सातबाऱ्यावर नाव लागलं आणि झालं. जी किंमत तू मोजतोस ती मी मोजलेली नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा मुंबईत केवढा गदारोळ झाला. पुढं त्यांनी निजामाच्या मुलखात, आपल्या जालन्याजवळ, जमीन मिळवून बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. ज्यांना गावानं विहिरीवर चढू दिलं नाही त्यांना स्वतःची जागा मिळाली, हे केवढं मोठं काम! पण माझं एक मत आहे, म्हाताऱ्या मंडळींना ते आवडत नाही: वेगळ्या वस्तीत राहून आम्हाला शेजाऱ्यांची सवय राहिली नाही. तुला ती आहे. तुझी माय, चुलता, पारावरची पोरं, हे सगळे तुला अजून नावानं हाक मारतात. ते तोडून आमच्यासारखा होऊ नकोस.

दाखल्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण ह्यात मखलाशीला जागा नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा आधी जवळजवळ फक्त हिंदूंना होता, 1956 मध्ये सगळे शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. धर्म बदलला म्हणून गावानं जात विसरली असं कुठं होतं? त्यामुळे हा अन्याय आहे असं मला वाटतं, आणि कोर्टात त्यावर वर्षानुवर्षं वाद चाललाय. पण जोवर कायदा असा आहे, तोवर मंडळीच्या रजिस्टरमध्ये एक आणि सरकारी अर्जावर दुसरं लिहू नकोस. तुला ‘सगळेच असं करतात’ म्हणणारे भेटतील, आपल्यातलेच. सवलत गेली तर नुकसान होईल, खरंच होईल, त्यावर गोड बोलून मी तुला फसवणार नाही. बाप्तिस्म्याची तारीख ठरवायच्या आधी ह्याचा नीट विचार कर, घरच्यांशी बोल, वकिलाला विचार. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमानं तुला तुझ्या मनानं विश्वास ठेवायचा हक्क दिलाय. तो चोरून वापरायची गरज नाही.

राग मात्र तुझा अजून तसाच आहे. परवा गायनाच्या सरावाला त्या धाकट्या पोरावर ओरडलास, एक सूर चुकला म्हणून. गलतीकरांच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, पवित्र आत्म्याचं फळ सांगितलंय, त्यात सहनशीलता आहे, सौम्यता आहे, इंद्रियदमन आहे. आवाज चांगला असणं नाही. त्या पोराशी रविवारच्या आधी बोल.

गावाकडं शनिवारी पहिल्या गाडीनं निघ, मायला आधी कळव, नाहीतर ती दारात तुला बघून घाबरेल. चुलत्यासाठी काही नेऊ नकोस, ह्या वेळी आकडा विचारायला जातोयस. चुलतीला मात्र खांदेदुखीचा बाम ने, मी इथं आणून ठेवलाय, जाताना घेऊन जा. आणि परत आलास की चुलत्यानं सांगितलेला आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून मला दाखव.

तुझी,
मावशी