सत्त्याण्णव, नव्याण्णव की शंभर?

वाचकांचे प्रश्न : खेळाबद्दल काहीही विचारा

प्रश्न : नमस्कार. मी पनवेलला राहतो, वय ५३, नोकरी बँकेत. चार वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या एकाच्या नादाला लागून गोल्फ सुरू केलं आणि आता सुटत नाही. खारघरला सिडकोचं कोर्स आहे तिथे खेळतो, मोठ्या क्लबची मेंबरशिप आपल्याला झेपणारी नाही आणि इथे पैसे भरले की खेळता येतं, शिवाय समोर डोंगर, पावसाळ्यात तर काय विचारूच नका. अठरा होलना मिळून फटके मोजायचे, जितके कमी तितकं चांगलं, आणि आजवर कधी १०५ च्या खाली आलो नव्हतो. गेल्या रविवारी ९७ झाले! त्यात पुट, म्हणजे होलभोवतीच्या ग्रीनवरचे हलके फटके, फक्त ३४. एका पार फाइव्हला (चांगल्या खेळाडूला पाच फटके लागावेत असा होल) दुसरा शॉट करवंदाच्या जाळीत गेला, मागच्या वेळी तिथूनच ठोकत बसलो होतो आणि ११ झाले होते, या वेळी कॅडी (काठ्यांची पिशवी वाहणारा) म्हणाला, "साहेब, पेनल्टी घ्या, सातची आयर्न काढा", ऐकलं त्याचं आणि ७ वर सुटलो. घरी येऊन कार्ड फ्रिजवर लावलं.

पण आमच्या चौघांतले एक काका म्हणतात हे ९७ खरे नाहीत. कारण पहिल्या टीवर (जिथून होल सुरू करतात तिथे) माझा पहिला बॉल सरळ ओबी, म्हणजे हद्दीबाहेर, गेला, सगळे म्हणाले "मलिगन घे, सकाळची वेळ आहे", म्हणजे तो फटका विसरून परत मार, मी परत मारला आणि पहिला धरलाच नाही. आणि तीन पुट मला "उचल उचल" म्हणून दिलेले, म्हणजे न मारताच आत गेले असं धरलं. दोन अगदी होलच्या काठावर होते, एक मात्र चारेक फुटांचा. तिन्हींचा एकेक स्ट्रोक मी धरलाय. तर मी पहिल्यांदा शंभरच्या आत आलो की नाही, एवढंच सांगा. काकांशी बोलणं बंद आहे सध्या.
— एक वाचक, पनवेल

उत्तर : आधी अभिनंदन, मग हिशोब. काकांशी बोलायला लागा, कारण काका अर्धे बरोबर आहेत.

मलिगन नावाची गोष्ट नियमांच्या पुस्तकात नाहीच. ती मित्रमंडळींची सोय आहे, चहाबरोबर बिस्किट येतं तशी. बॉल ओबी गेला की एक स्ट्रोक मारलेला, एक पेनल्टीचा, आणि त्याच जागेवरून परत मारायचा, म्हणजे तुम्ही टीवरून दुसऱ्यांदा मारलात तो तुमचा तिसरा शॉट होता. तुम्ही तो पहिला धरलात. दोन स्ट्रोक वाढवा, ९९ झाले. अजून शंभरच्या आतच आहात, श्वास घ्या.

आता ते उचललेले पुट. समोरच्याला पुट देऊन टाकणं हे मॅच प्लेमध्ये चालतं, जिथे एकेक होल जिंकायचा-हरायचा असतो. तिथे तर त्याचं कौतुकही होतं, १९६९ च्या रायडर कपमध्ये (अमेरिका विरुद्ध ब्रिटन) शेवटच्या होलवर अमेरिकेच्या जॅक निकलॉसने ब्रिटनच्या टोनी जॅकलिनला दोनेक फुटांचा पुट देऊन टाकला आणि सगळी स्पर्धा १६-१६ बरोबरीत सुटली, लोक अजून त्याबद्दल बोलतात. पण तुम्ही खेळलात तो स्ट्रोक प्ले, म्हणजे एकूण फटके मोजायचे, आणि त्यात बॉल होलमध्ये पडेपर्यंत होल संपत नाही. स्पर्धेत असा बॉल उचलून तसेच पुढच्या टीवर जाऊन मारला असतात तर थेट बादच. रविवारच्या चौघांच्या खेळात एवढं कडक कोणी नसतं, आणि होलच्या काठावरचे ते दोन पुट तर माझी आजीसुद्धा छत्रीने घालेल, ते विसरा.

राहिला चार फुटांचा. होल १०८ मिलिमीटरचा, बॉल साधारण ४३ मिलिमीटरचा, ऐकायला सोपं वाटतं, पण चार फुटांवर उभं राहिलं की तोच होल चहाच्या कपाएवढा दिसतो आणि हात दुसऱ्याच कोणाचे तरी होतात, सगळ्यांना माहितीये. तो पडला असता तर ९९. चुकला असता आणि मग टॅप-इन, म्हणजे जवळून हलकेच आत ढकलला असता, तर १००. याचा निकाल मी इथे टेबलाशी बसून देऊ शकत नाही, काकाही देऊ शकत नाहीत. उतार कुठला होता, तुमचा त्या दिवसाचा पुटर कसा चालला होता ते तुम्ही बघितलंय. ३४ पुट म्हणताय म्हणजे चांगलाच चालला होता! पारच्या हिशोबात प्रत्येक ग्रीनवर दोन पुट धरलेले असतात, म्हणजे १८ होलचे ३६, आणि तुम्ही त्याच्याही खाली. (तो चार फुटी एकच धरून हां. काकांना सांगू नका मी बोललो म्हणून.)

आकडा बाजूला ठेवला तर मला तुमच्या पत्रातली सगळ्यात आवडलेली गोष्ट ती करवंदाची जाळी. लोक मला ड्राइव्ह कसा लांब जाईल तेच विचारतात, नवा ड्रायव्हर (लांब मारायची काठी) घेऊ का, शाफ्ट बदलू का, आणि इकडे १०५ वाला माणूस ९७ ला येतो तो जाळीतून हिरोगिरी न करता बाहेर आला म्हणून. हिशोब बघा तुमचा : टीवरून एक, जाळीत दोन, बॉल अनप्लेएबल (तिथून मारता न येणारा) धरून पेनल्टीचा तीन, दोन काठ्यांच्या लांबीत बॉल हाताने खाली सोडून सातच्या आयर्नने चार, पाचवा ग्रीनवर, दोन पुट, सात. पार फाइव्हवर ७ म्हणजे डबल बोगी, पारपेक्षा दोन जास्त. आता साधं गणित सांगतो जे मला कोणी सुरुवातीला सांगितलं नाही आणि त्यापायी मी बरीच वर्षं फुकट घालवली. पार ७२ च्या कोर्सवर नऊ होलना बोगी (पारपेक्षा एक जास्त) आणि नऊ होलना डबल बोगी मारली तर बरोब्बर ९९ होतात. एकसुद्धा पार लागत नाही! शंभर फोडायला भारी शॉट लागतच नाहीत, ते ८, ९, ११ वाले होल तेवढे बंद व्हायला लागतात. त्या कॅडीला पुढच्या वेळी चांगला चहा-नाश्ता द्या.

अजून एक, हँडिकॅप (खेळाडूच्या कुवतीप्रमाणे मिळणारी फटक्यांची सूट) काढायचा विचार असेल तर आत्ताच काढा. २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे. एकूण ५४ होलचे स्कोअर दिले की सुरुवात होते, मग जसजसे स्कोअर साठतात तसं शेवटच्या २० पैकी सर्वात चांगल्या ८ वरून काढतात, आणि जास्तीत जास्त ५४ पर्यंत मिळतो, म्हणजे लाजायचं कारण कोणालाच नाही. यात एक गंमत अशी की हँडिकॅपसाठी एका होलचा स्कोअर एका मर्यादेपलीकडे धरतच नाहीत, नवीन माणसाला पारच्या वर पाच, त्यामुळे तुमचे ते जुने ११ तिथे १० च मोजले गेले असते. पण त्यासाठी मलिगन नाही आणि उचलाउचली नाही हां. काकांनाच मार्कर (तुमचा स्कोअर लिहिणारा) करा, त्यांच्याइतका चोख माणूस शोधून सापडणार नाही.

कार्ड फ्रिजवरून काढू नका. फक्त ९७ खोडून बाजूला पेनाने ९९ लिहा आणि त्याच्यापुढे एक प्रश्नचिन्ह. पुढच्या रविवारी त्याच ग्रीनवर चार फुटांवर बॉल ठेवा, एकदाच मारा, आणि काय झालं ते मला कळवा.

प्रश्न : आमचे हे रिटायर झाल्यापासून गोल्फ खेळतात. रविवारी पहाटे साडेपाचला जातात ते साडेबाराला उगवतात. परवा आले ते नाचतच, "३६ पॉइंट, ३६ पॉइंट" करत. मी म्हटलं हे चांगलं की वाईट, तर म्हणे तुला नाही कळायचं. तुम्ही सांगा. आणि एवढा वेळ नक्की लागतो का, की मधे कुठे जातात?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, कळायला अवघड काही नाही, त्यांना समजावून सांगायचा कंटाळा आलाय इतकंच. त्या पद्धतीला स्टेबलफर्ड म्हणतात. फ्रँक स्टेबलफर्ड नावाचे एक इंग्लिश डॉक्टर होते, त्यांची ही कल्पना, १९३२ मध्ये लिव्हरपूलजवळच्या वॉलसीच्या क्लबमध्ये या पद्धतीने स्पर्धा झाली. झालं काय होतं, वाऱ्याच्या कोर्सवर सुरुवातीलाच एक-दोन होल वाईट गेले की माणसं कार्ड फाडून मोकळी व्हायची. म्हणून यांनी फटक्यांऐवजी गुण ठेवले. तुमच्या यजमानांना त्यांच्या हँडिकॅपप्रमाणे प्रत्येक होलवर काही सूट मिळते, ती वजा करून पार आला तर २ गुण, एक फटका जास्त लागला तर १, एक कमी लागला तर ३, आणि अगदीच वाट लागली तर शून्य, बॉल उचला आणि पुढे चला. अठरा होल गुणिले दोन म्हणजे ३६. थोडक्यात ते त्या दिवशी स्वतःच्या कुवतीला पुरेपूर जागले, आणि हे वाटतं तितक्या वेळा होत नाही, कारण हँडिकॅप चांगल्या दिवसांवरून काढलेला असतो. नाचले ते योग्यच नाचले.

वेळेचं म्हणाल तर चौघांच्या ग्रुपला अठरा होल फिरायला चार-साडेचार तास सहज लागतात, कोर्सची लांबीच सहा किलोमीटरच्या आसपास, त्यात बॉल शोधायला इकडेतिकडे भटकणं वेगळं. (शोधायला आता फक्त तीन मिनिटं मिळतात, २०१९ च्या आधी पाच मिळायची, तेवढा तरी फायदा तुमचा.) जाण्या-येण्याचा तासभर धरा. म्हणजे सातपैकी साडेपाच तासांचा हिशोब मी लावून दिला. उरलेला दीड तास क्लबहाऊसमध्ये ऑम्लेट खात प्रत्येक शॉट पुन्हा एकदा तोंडाने मारण्यात जातो, तो माझाही जातो.

आता घरी आले की आधी विचारा किती पॉइंट. ३६ किंवा वर असतील तर बाजाराची यादी तेव्हाच हातात द्या. तिशीच्या खाली असतील तर जेवण होऊ द्या मग बोला.