हालांचे उपकार मानू नकोस

चिरंजीव मुला,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोळ्याच्या आदल्या दिवशी मिळाले. त्यातला प्रशिक्षणाचा आणि पगाराचा मजकूर मी एकदाच वाचला, शेवटचा परिच्छेद मात्र पुन्हा पुन्हा वाचला. धाकट्या बहिणीने शाळेला जायला सायकल मागितली, पैसे तुझ्याजवळ होते, आणि तरीही तू तिला नाही म्हणालास. तू रोज चिखलातून पायी शाळेत गेलास, मामांच्या घरी शिळ्या भाकरीवर राहिलास, म्हणून आज पोलीस खात्यात उभा आहेस. तिला सगळे आयते मिळाले तर ती कच्ची राहील, असे तुझे म्हणणे. आणि लगेच पुढच्या ओळीत लिहितोस, की तिचा उतरलेला चेहरा पाहून तुला तुझाच संताप आला, आणि तो का आला ते समजत नाही.

तो संताप योग्य जागी आला आहे. तुझा विचार तेवढा चुकीच्या जागी गेला आहे. गावातल्या सत्काराच्या वेळी पाहुणे म्हणाले, "हालअपेष्टांनी हा मुलगा घडवला," सर्वांनी टाळ्या वाजवल्या आणि तू ते वाक्य खरे मानून घरी घेऊन आलास. मुला, हालांचे उपकार मानू नकोस. ते तुझ्यावर कोसळले. त्यांनी तुला काही दिलेले नाही. कोरडवाहू शेतात एखादे पऱ्हाटीचे झाड तग धरते, तेव्हा आपला कास्तकार त्याचे श्रेय दुष्काळाला देत नाही, खाली कुठेतरी ओल होती असे म्हणतो. तुझ्या बाबतीत ती ओल कुठे होती, एवढेच शोधण्यासारखे आहे.

आपल्याकडे या वादात हमखास गाडगेबाबांचे नाव पुढे केले जाते, आणि तूही ते केले आहेस, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. 1876 साली शेंडगावला जन्म, दारूपायी वडील लहानपणीच गेलेले, मग आईबरोबर दापुऱ्याला मामाचे घर, गुरे राखणे, शेतात राबणे, आणि पुढे सावकाराच्या पाशात गेलेली जमीन. हे सगळे खरे आहे. पण दारूने बाप नेलेली, मामाच्या दारात वाढलेली, ढोरांमागे फिरलेली मुले त्या काळी पूर्णेच्या खोऱ्यात गावोगाव होती. दुःखच माणूस घडवत असते तर आपल्या मुलखात एव्हाना घरटी एक संत झाला असता. मला त्यांच्या चरित्रात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू द्यायची असताना त्यांनी भाऊबंदांचा रोष पत्करून गोडाचे जेवण घातले. ज्या दारूने त्यांचे बालपण नासवले, ती त्यांनी आपल्या लेकीच्या पाळण्याजवळ येऊ दिली नाही. पुढे घर सोडून, मिळेल ते मडक्यात घेऊन खाणाऱ्या आणि उघड्यावर झोपणाऱ्या या माणसाने लोकांसाठी काय केले? पंढरपूरला, नाशिकला, मुंबईला धर्मशाळा उभ्या केल्या, ऋणमोचनला घाट बांधवून घेतला, गरिबांच्या मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहे काढायला लावली. आपण उघड्यावर राहून घडलो, तेव्हा लोकांनीही पावसात भिजून घडावे, असे त्यांच्या मनात कधी आले नाही. आणि तू त्यांचेच नाव घेऊन बहिणीला सायकल नाकारतोस.

आणखी एक गोष्ट तू एकत्र कालवून टाकली आहेस. गरिबी आणि दुर्लक्ष या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवताना मी दोन्ही पाहिल्या. दुपारी खिचडी वाढली की काही मुले बोलत, भांडत, सांडत जेवत. त्यांच्या घरी अनेकदा एका वेळचीच चूल पेटत असे, पण शाळा सुटली की कोणीतरी त्यांची वाट पाहत असे. आणि एखादी मुलगी डावा हात ताटाभोवती कुंपणासारखा आडवा ठेवून, मान खाली घालून, शेजारणीच्या आधी ताट रिकामे करी आणि उरलेला अर्धा घास ओढणीच्या टोकात बांधून ठेवी. ती नेहमी गरिबाघरची असे असे नाही. माझ्या वर्गातल्या अशा एका मुलीच्या घरी दहा एकर ओलीत होते. तिला घरात कोणी विचारत नव्हते, एवढेच.

मी तो आडवा हात लगेच ओळखत असे, कारण तो माझाही होता. वडील घर सोडून गेल्यावर मी काकांकडे वाढले. काकांचे घर खाऊनपिऊन सुखी होते, अंगणात कापसाच्या गंज्या लागत, आणि मला ताप आला तर तो उतरून गेल्यावरही कोणाला कळत नसे. शेजारी एक म्हातारी राहत असे. जिनिंगमध्ये कापसातला कचरा निवडून पोट भरायची, तिचे घर आमच्या गोठ्याहून लहान होते. रोज दिवेलागणीला ती कुडाशी येऊन विचारी, "जेवली का वं माय?" मी हो म्हणाले तरी माझ्या तोंडाकडे पाहून खरे काय ते ओळखे, आणि तेल-तिखट लावलेली चतकोर भाकर हातात ठेवी. माझी ओल ती होती. मला नोकरी लागण्याआधीच ती गेली. तिच्या हाती लुगडे ठेवायचे राहिले, आणि ही बोच काही केल्या कमी होत नाही.

हे एकट्या माझ्या अनुभवाचे बोल आहेत असे समजू नकोस. हवाई बेटांपैकी कवाई नावाच्या बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशके मागोवा घेतला. ज्या मुलांच्या वाट्याला गरिबी, व्यसनी किंवा आजारी आईबाप, घरातली सततची भांडणे असे सगळे एकदम आले, त्यांतली सुमारे एक तृतीयांश मुले मोठेपणी धडपणे उभी राहिली. ती कशी राहिली याचा शोध घेताना एक गोष्ट वारंवार आढळली: त्यांच्यापैकी बहुतेकांना लहानपणी निदान एक तरी मायेचे, भरवशाचे माणूस लाभले होते. कुठे आजी, कुठे मावशी, कुठे शेजारी, कुठे शिक्षक. उरलेल्या दोन तृतीयांशांचाही विचार कर. हाल त्यांच्याही वाट्याला आले होते. तारुण्यात पाऊल ठेवेपर्यंत त्यांच्यातली कितीतरी मुले शिक्षणात, वागणुकीत किंवा मनाच्या आजारात अडखळली होती. तुमच्या सत्काराच्या मंडपात अशांना कोणी बोलावत नाही, म्हणून पाहुण्यांना ती दिसत नाहीत. तुझ्याबरोबर मामांच्या शेतात राबणारा तो थोरला मावसभाऊ आज कुठे आहे, हे तुला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्याने तुझ्याहून कमी सोसले होते का?

बालपणीच्या हालांनी स्वभाव बनतच नाही, असे मी म्हणत नाही. बनतो, आणि पक्का बनतो. दारात पाऊल वाजले की आलेल्या माणसाने आज घेतली आहे की नाही, हे तुला कळत असे. ती नजर तुला नोकरीत उपयोगी पडेल. पण त्याच नजरेने तू उद्या बायकोच्या चेहऱ्यावर नसलेला राग शोधशील, साहेबांच्या साध्या प्रश्नात अपमान शोधशील, आणि कोणी माया केली तर त्याचा हेतू शोधशील. मीही डबे भरलेले असताना रात्री उठून पीठ पाहते. याला मी गुण म्हणत नाही, आणि तूही म्हणू नकोस. जखम भरून आली म्हणून घाव घालणाऱ्याचे आभार मानायचे नसतात. कितीदा सांगू, हालांचे उपकार मानू नकोस. मानलेस की ते फेडावेसे वाटतात, आणि ते फेडले जातात धाकट्यांच्या अंगावर. तुझ्या मामांनीही त्यांच्या लहानपणाचे असेच फेडले, ते तुझ्यावर.

लोक मला तुसडी म्हणतात, हे मला माहीत आहे. काकांच्या पंच्याहत्तरीला मी गेले नाही, यावरून नातेवाईक अजून बोलतात. मी का गेले नाही, ते तुला सांगते. तिथे मला माईकसमोर उभे करून, काकांच्या शिस्तीने मी घडले, असे म्हणायला लावले असते. ते मी म्हणाले असते, तर ताटाभोवती हात धरणाऱ्या त्या मुलीला दुसऱ्या दिवशी कोणत्या तोंडाने म्हणणार होते, की सावकाश जेव, आणखी वाढते? काका आजारी पडले तेव्हा मी अमरावतीच्या दवाखान्यात रात्री जागून काढल्या, औषधपाणी केले, त्यांचे अंथरूण बदलले. सेवा मी केली. खोटी साक्ष मात्र मी दिली नाही, आणि पुन्हा तोच प्रसंग आला तरी देणार नाही. याला कोणी अढी म्हणो, कोणी अहंकार म्हणो. निदान मुलांवर दुर्लक्ष करणाऱ्याला माझ्या तोंडून कधी प्रमाणपत्र मिळाले नाही.

तेव्हा पगार झाला की बहिणीला बरोबर घेऊन दुकानात जा, आणि सायकल तिला निवडू दे. ती कच्ची राहील ही भीती सोड. चिखल आणि ऊन तिच्या वाट्याचे आहेच, ते तू काढून घेऊ शकत नाहीस. दर रविवारी तिला फोन कर, आणि मार्क विचारण्याआधी जेवणाचे विचार. मामांना लकवा झाल्यापासून तू औषधांचे पैसे पाठवतोस, ते पाठवत राहा, सुट्टीत भेटायलाही जा. मात्र "आम्ही कडक वागलो म्हणून तू माणसात आलास," असे ते पुन्हा म्हणाले, तर या वेळी मान डोलावू नकोस. आवाज न चढवता, पण स्पष्टपणे, तसे नाही म्हणून सांग. बहीण खोलीत असेल तर तिला ऐकू जाईल असे सांग.

तुझी,
शाळेतली बाई